तारांनी दातांची मुळं झिजतात का, जबडा बदलतो का: शंभर वर्षं जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

ब्रेसेस लावून वर्ष झालं, एक्सरे काढला आणि डॉक्टर म्हणाले की वरच्या पुढच्या दातांची मुळं थोडी आखूड दिसतायत, की घरात एकदम घबराट होते. मग नातेवाइकांत दोन पक्ष पडतात, एक म्हणतो तारा लावल्या की दात खिळखिळे होणारच, दुसरा म्हणतो काही होत नाही हो, आजकाल सगळेच लावतात. मला हे दोन्ही पटत नाही. मुळं झिजतात हे खरं आहे, बहुतेक वेळा ती थोडीच झिजतात हेही खरं आहे, आणि ही गोष्ट कुणी काल शोधलेली नाही, ऑर्थोडॉन्टिक्स म्हणजे दात सरळ करायच्या या शाखेतल्या माणसांना ती शंभर वर्षांपासून माहीत आहे.

दात सरळ करायची धडपड तशी खूप जुनी. फ्रान्सचा दंतवैद्य पिएर फोशार, त्याने १७२८ च्या ग्रंथात धातूची एक पट्टी वर्णन केलीय, दात तिला दोऱ्याने बांधायचे आणि हळूहळू ओढून घ्यायचे. पण हाच फोशार कधी कधी पक्कडीसारख्या हत्याराने दात जागेवरच हलवून सरळ करायचा आणि मग शेजारच्या दातांना बांधून टाकायचा, म्हणजे मुळाचं आत काय होतं हा विचारच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. तो विचार करणारा माणूस दीडशे वर्षांनी अमेरिकेत आला, दंतवैद्य जॉन फरार. त्याचं म्हणणं असं की जोर सतत नको, थांबून थांबून द्यायचा, स्क्रू सकाळी एवढाच फिरवायचा की दात इंचाचा २४० वा भाग सरकेल, संध्याकाळी परत तेवढाच, म्हणजे दुखतही नाही आणि इजाही होत नाही. हे सगळं मायक्रोस्कोपखाली काही न बघता, निव्वळ पेशंटच्या अनुभवावरून. दात हलवण्यालाही मर्यादा असते आणि ती मोजता येते हे इतकं स्पष्ट मांडल्याबद्दल फरारला मान द्यायलाच हवा.

मग १९०४-०५ च्या सुमाराला स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडचं काम छापून आलं. त्याने कुत्र्यांच्या पुढच्या दातांना तार लावली आणि नंतर ते दात हाडासकट कापून मायक्रोस्कोपखाली बघितले. आज कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ते सगळं तिथे दिसलं. दात ज्या बाजूला ढकलला जातो त्या बाजूचं हाड पेशी खाऊन टाकतात आणि ज्या बाजूने सुटतो तिथे नवीन हाड भरतं. पण जोर जास्त झाला तर दात आणि हाड यांच्यामधलं जे पातळ अस्तर असतं, पेरिओडॉन्टल लिगामेंट, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं, ते चिरडतं, त्यातला रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसायला लागतो. याला हायलिनायझेशन म्हणतात. असं झालं की समोरून हाड खाणाऱ्या पेशींना रस्ताच राहत नाही, त्या मागून, हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत येतात, तोवर दात अडकून पडतो. म्हणजे जास्त जोर लावला की दात लवकर सरकेल हा हिशोब तिथेच चुकतो.

आता मुळाकडे येऊ. कायमच्या दातांची मुळं विरघळू शकतात हे १९ व्या शतकातच माहीत होतं आणि १९१४ मधे ऑटोलेंगुई नावाच्या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने त्याचा संबंध थेट तारांशी लावला होता. पण जिवंत माणसाचं मूळ दिसणार कसं? ते एक्सरेशिवाय शक्यच नव्हतं. रॉन्टजेनचा शोध नोव्हेंबर १८९५ चा, आणि जानेवारी १८९६ मधे जर्मनीच्या ऑटो वॉल्कहॉफने स्वतःच्या तोंडात काचेची प्लेट धरून दातांचा एक्सरे काढलाही होता, त्यासाठी २५ मिनिटं हलायचं नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने हे तंत्र दवाखान्यात आणलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली, रेडिएशनने आधी बोटं गेली मग हात गेला. आज दोन मिनिटांत ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, काढून घरी येतो त्याच्यामागे ही माणसं आहेत, हे विसरू नये असं मला वाटतं.

एक्सरे रोजच्या वापरात यायला विसावं शतक बरंच पुढे सरकलं आणि तेव्हा डेन्व्हरच्या अल्बर्ट केचमने ते काम केलं ज्याने सगळा व्यवसाय हादरला. त्याने उपचाराच्या आधी आणि नंतर पेशंटचे एक्सरे पद्धतशीर काढले, शेजारी ठेवून बघितले आणि १९२७ मधे आणि परत १९२९ मधे जाहीरपणे सांगितलं की आपण ज्यांचे दात सुंदर सरळ करतोय त्यातल्या बऱ्याच जणांच्या मुळांची टोकं गायब होतायत. विचार करा, हा माणूस स्वतः नामवंत ऑर्थोडॉन्टिस्ट, १९२९ मधे अमेरिकन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स निघालं त्याचा पहिला अध्यक्ष, आणि आपल्याच धंद्याचं नुकसान त्याने फोटोसकट मांडलं. याच्या नावाने आजही त्या क्षेत्रातला मोठा पुरस्कार देतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात धाडसी क्षण हाच. नंतरची काही वर्षं दोष पेशंटच्या हार्मोनवर, थायरॉइडवर, आहारावर ढकलायचे बरेच प्रयत्न झाले, पण जोराचा प्रश्न काही सुटला नाही.

१९३२ मधे ए. एम. श्वार्त्झने आकडा दिला, मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, कारण साधारण तेवढाच दाब केशवाहिन्यांमधे असतो, त्याच्या पुढे गेलात तर रक्त थांबणार. पुढे नॉर्वेच्या कोरे राइटनने १९५० च्या दशकात माणसांच्या दातांवर हे तपासलं आणि दाखवलं की अगदी हलका जोर दिला तरी कुठे ना कुठे हायलिनायझेशन होतंच, पूर्णपणे टाळता येत नाही. आणि त्याच्यानंतर नॉर्वेतच पेर रिगने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं की मूळ झिजायला नेमकी सुरुवात होते कुठे, तर त्या मेलेल्या भागाच्या कडेला. चिरडलेलं अस्तर साफ करायला ज्या पेशी येतात त्याच पेशी साफसफाई करता करता मुळावरचं सिमेंटमचं आवरणही कुरतडतात. एरवी सिमेंटम हाडापेक्षा चिवट, त्याच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच तर दात हाडातून सरकू शकतो आणि मूळ बहुतांशी शाबूत राहतं, तसं नसतं तर ऑर्थोडॉन्टिक्स हा प्रकारच शक्य नव्हता. जोर थांबला की हे खड्डे नवीन सिमेंटमने भरूनही येतात. टोकाकडून जी लांबी गेली ती मात्र परत येत नाही.

मधल्या काळात तारा पण बदलल्या. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगलची १९२० च्या दशकातली एजवाइज पद्धत म्हणजे चौकोनी खाचेत चौकोनी तार, दातावर ताबा जबरदस्त पण जोरही तसाच. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या रेमंड बेगने बारीक गोल तारेची हलकी पद्धत काढली, आणि १९७० च्या दशकात आयोवाच्या जॉर्ज अँड्रिआसेनने निकेल टायटॅनियमची तार आणली, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला धातू, कितीही वाकवला तरी हळुवार जोराने मूळ आकारात येणारा. सगळ्यांना वाटलं आता मुळांचा प्रश्न संपला. संपला नाही. कमी झाला, पण एकाच डॉक्टरकडे एकाच प्रकारची तार लावलेल्या दोन मुलांपैकी एकाची मुळं जशीच्या तशी आणि दुसऱ्याची आखूड, हे चालूच राहिलं. २००३ मधे इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाशी संबंधित प्रथिनाच्या जीनशी याचा संबंध दाखवणारं संशोधन आलं, म्हणजे यातलं काही अंगातच असतं. बाकी धोका कुणाला जास्त तेही हळूहळू कळत गेलं, वरचे पटाशीचे दात, टोकाला निमुळती किंवा वाकडी मुळं, पूर्वी मार लागलेले दात, दात खूप लांब सरकवावे लागतात ती केस आणि उपचार वर्षानुवर्षं लांबलेली माणसं.

जबड्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे गैरसमज जास्त आहेत. १८६० मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन अँजेलने १४ वर्षांच्या मुलीच्या टाळूत स्क्रू बसवला आणि दोन आठवड्यांत पुढच्या दोन दातांत फट पडली, तो म्हणाला टाळूचं हाड मधल्या सांध्यातून उघडलं. त्याच्यावर कुणी धड विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी १९६१ मधे अँड्र्यू हासने एक्सरेसकट तेच परत दाखवलं तेव्हा ते सर्वमान्य झालं. म्हणजे वाढत्या वयात टाळू खरंच रुंद होतो, सांधा पक्का झाला की साध्या स्क्रूने ते जमणं अवघड.

पण अँगलचा दावा याच्याहून मोठा होता, दात नीट बसवा, नीट चावायला लागले की जबड्याचं हाड आपोआप वाढेल, म्हणून दात काढायचेच नाहीत. यावरून १९११ मधे गरज पडली तर दात काढावेत म्हणणारे कॅल्विन केस आणि अँगलच्या बाजूचे मार्टिन ड्यूई यांच्यात मोठा वाद झाला. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड, त्याच्या पेशंटचे दात परत वाकडे व्हायला लागले, ओठ पुढे दिसायला लागले, तेव्हा त्याने उपदाढा, म्हणजे सुळ्यामागचे दात, काढून त्याच पेशंटना परत तारा लावल्या. आणि अँगलचाच दुसरा शिष्य, शिकागोचा अॅलन ब्रॉडी, त्याने १९३८ मधे डोक्याचे मोजमापाचे एक्सरे वापरून दाखवलं की तारांनी होणारा बदल जवळपास सगळा दातांभोवतीच्या हाडात होतो, मुख्य जबडा जिथल्या तिथे. गुरूचं सगळ्यात लाडकं मत शिष्यांनीच खोडलं, आणि पुराव्याने खोडलं म्हणून ते खोडणं टिकलं.

खालचा जबडा पुढे आणणाऱ्या ट्विन ब्लॉकसारख्या प्लेटांचंही तसंच. १९९० च्या दशकापासून नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि मग इंग्लंडमधे मुलांचे गट करून नीट तुलना झाली. पुढे आलेले दात आत जातात, त्यामुळे पडून दात तुटायचं प्रमाण कमी होतं, पण लवकर सुरू केलं म्हणून जबडा कायमचा मोठा झाला असं काही दिसलं नाही. मोठ्या माणसाचा जबडा मुळातच मागे किंवा पुढे असेल तर त्याला ऑपरेशनच, जे झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेसरने १९५० च्या दशकात तोंडाच्या आतून करून दाखवलं. त्यामुळे कुणी २५ वर्षांच्या माणसाला नुसत्या तारांनी जबडा पुढे आणून देतो म्हणत असेल तर सरळ विचारावं, कसा आणणार ते सांगा.

कानाजवळच्या सांध्याचं पण सांगतो. १९८७ मधे मिशिगनमधे एका पेशंटने दावा केला की उपदाढा काढून तारा लावल्याने जबड्याचा सांधा बिघडला, आणि ज्यूरीने साडेआठ लाख डॉलर मंजूर केले. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने त्यानंतर संशोधनाला पैसे दिले आणि जे अभ्यास आले त्यांत तारांमुळे किंवा दात काढल्यामुळे सांध्याचे आजार होतात असं निघालं नाही, तारांनी ते बरे होतात असंही नाही. दात काढले की चेहरा आत जातो वगैरे व्हिडिओ आज फिरतात त्याची मुळं याच जुन्या भांडणात आहेत. चुकीच्या केसमधे दात काढले तर चेहरा सपाट दिसू शकतो, पण म्हणून दात काढणंच वाईट असं होत नाही, आणि जागा नसताना दात बाहेर ढकलले तर खालच्या पुढच्या दातांवरचं पातळ हाड फाटून हिरडी उतरते, हा धोका मला जास्त काळजीचा वाटतो कारण त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आपल्याकडे इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मधे, मुंबईतल्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि आता तालुक्याच्या गावातही तारा लावून मिळतात. म्हणून केचमचं काम इथे कामाचं आहे. स्वीडिश अभ्यासांतून पुढे आलेली पद्धत साधी आहे, तारा लावल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी पुढच्या दातांचा एक्सरे काढायचा, मुळं झिजताना दिसली तर दोन तीन महिने जोर थांबवायचा आणि मग पुढे जायचं, असं थांबून केलं तर झीज कमी होते हे दिसलंय. बहुतेकांची झीज दोन मिलिमीटरच्या आत असते, चार मिलिमीटरच्या पुढे किंवा मुळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त जाणारे शंभरात एक ते पाच. आखूड मुळाचा दात सहसा पडत नाही, कारण मूळ टोकाला निमुळतं असतं आणि धरून ठेवायचं जास्त काम हिरडीजवळचा जाड भाग करतो, टोकाचे तीन मिलिमीटर गेले तर आधाराच्या हिशोबात ते हिरडीकडचं एक मिलिमीटर हाड गेल्यासारखं. पण त्याच दाताला पुढे पायरिया झाला तर मात्र दोन्हीकडून आधार जातो, म्हणून अशा पेशंटने तारा निघाल्यावरही हिरड्यांची तपासणी चालू ठेवायची, आणि आधीचा नंतरचा असे दोन्ही एक्सरे डॉक्टरांकडून मागून स्वतःजवळ ठेवायचे.