पुढचा ओटू की मागचा?

पावसाळा संपता संपता आमच्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. वाटेतल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड आला पी०१४१. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय," म्हणून नवा बसवला, पैसे मोजून घरी आलो. दोन दिवसांनी गुहागरच्या रस्त्यावर दिवा पुन्हा हजर. कोडने बोट दाखवलं होतं एका सेन्सरकडे आणि बदलला होता दुसराच.

पेट्रोलची गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमातली असेल तर तिच्यात असे दोन सेन्सर आहेतच. त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत असतात. दिसायला सख्खे भाऊ. गॅरेजात त्यांना ओटू म्हणतात, बिलावर कधी लॅम्डा लिहिलेलं येतं, वस्तू तीच. खरा घोळ 'पुढचा' आणि 'मागचा' या शब्दांचा. गाडीच्या नाकाकडचा तो पुढचा, असं नाही. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, लागतो. त्याच्या आधीचा तो पुढचा, नंतरचा तो मागचा. लहान गाड्यांत कॅट इंजिनला चिकटूनच असतो, त्यामुळे दोघेही हातभर अंतरात, एक वर आणि एक खाली सापडतात. कोडच्या भाषेत पुढचा म्हणजे सेन्सर १, मागचा सेन्सर २. पी०१३० ते पी०१३५ पुढच्याचे, पी०१३६ ते पी०१४१ मागच्याचे. एवढं पाठ असतं तर माझे पैसे वाचले असते.

आता कामं. पोफळीच्या बागेत एक जण पाटाच्या तोंडाशी बसून पाणी कमी-जास्त सोडतो आणि दुसरा शेवटच्या आळ्याशी उभा राहून "पोचलं रे" म्हणून ओरडतो. पुढचा सेन्सर पाटाच्या तोंडाशी बसलेला. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो आणि त्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे वजनी प्रमाण धरून ठेवायची ही धडपड. साध्या चार वायरींच्या सेन्सरचा व्होल्टेज त्यामुळे ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली नाचत असतो. नाचतो तोवर तब्येत ठीक.

मागचा नाचला मात्र काळजी. कॅट चांगला असेल तर मागच्याचा आकडा ०.६-०.७ च्या आसपास शांत असतो. तोही पुढच्याच्या तालावर नाचू लागला, तर बहुधा सेन्सर नाही, कॅट गेलाय. पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा कोड, आला की मागचा सेन्सर बदलून बघणारे पुष्कळ. निरोप आवडला नाही म्हणून निरोप्याला बदलण्यातला प्रकार.

म्हणून लक्षणंही वेगळी. पुढचा बिघडला की मायलेज पडतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, पेट्रोलचा वास येतो, आणि तसंच रेटलं तर जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जळून महागडा कॅट जातो. मागचा बिघडला तर बहुतेकदा दिवा लागतो, गाडी मात्र पूर्वीसारखीच पळते. पुढच्याला थांबू नये. मागच्याला गणपती उरकेपर्यंत थांबलात तरी चालेल, फक्त त्या पेटलेल्या दिव्याआड दुसरा बिघाड लपत नाही ना, हे बघायचं.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणखी एक भानगड. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळाचा जोड गंजून फटीतून बाहेरची हवा आत शिरते. पुढच्या सेन्सरला वाटतं, ऑक्सिजन जास्त आहे, आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. सेन्सर खरं तेच बोलतोय, ऐकणारा फसतोय. तेव्हा आधी जोड तपासा. प्रत्येक सेन्सरच्या पोटात त्याला तापवणारा हीटर असतो. दोन्ही हीटरचे कोड, पी०१३५ आणि पी०१४१, एकदम आले तर आधी फ्यूज बघा. दोन हीटर एकाच दिवशी क्वचितच मरतात. एकट्याचाच आला तर कनेक्टर सोडवून सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, दोष पलीकडे शोधा.

बदलताना दोघांची रीत एकच. गंजलेला सेन्सर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावा आणि इंजिन कोमट असताना, खाच असलेल्या २२ च्या सॉकेटने सोडवावा. गार लोखंडावर जोर केलात तर आटे येतात हातात. अँटी-सीज, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, फक्त आट्यांना, टोकाला नाही. नव्या सेन्सरला बहुधा ते लावूनच येतं. खाऱ्या वाऱ्याच्या धास्तीने आपण कनेक्टरांना ग्रीस थापतो, ते इथे नको. धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा बरेच सेन्सर स्वतःच्या वायरींमधून घेतात. ग्रीस भरलं किंवा सेन्सरच्या वायरीला सोल्डरचा डाग दिला की त्याचा श्वास कोंडतो.

आणि एकाच्या जागी दुसरा बसवू नका. आटे जुळतात, पण वायरची लांबी आणि कनेक्टर वेगळे असू शकतात; काही नव्या गाड्यांत तर पुढचा पाच-सहा वायरींचा, जातीनेच निराळा असतो.

आमचा पी०१४१? शेवटी कनेक्टरच्या अलीकडे, गाडीच्या बाजूची हीटरची वायर उंदराने कुरतडलेली सापडली. गाडी लावतो पडवीला लागून, भाताच्या कणगीशेजारी. काढलेला पुढचा सेन्सर ठणठणीत आहे, डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवलाय.