रस्ते सुधारणेसाठी रहिवासी संघ : अर्ज कुठे करायचा, नोंदणी कधी करायची, कागद कोणते लागतात

रस्त्यासाठी अर्ज करायला नोंदणीकृत संस्था लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण महाराष्ट्रातल्या शहरांत कितीतरी संघांचा पहिला उत्साह नावावर चर्चा, लेटरहेड आणि शिक्का यांतच संपतो आणि गल्लीतला खड्डा होता तिथेच राहतो. सार्वजनिक रस्ते बांधणे, नीट ठेवणे आणि सुधारणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबईला १८८८ चा स्वतःचा कायदा आहे, नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा. जबाबदारी सगळीकडे तीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली खड्ड्यांबाबत स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि सुस्थितीतले रस्ते व पदपथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे तिच्यात स्पष्ट केले. त्यामुळे तुम्ही एकट्याच्या सहीनेही रस्ता मागू शकता.

मग संघ कशाला? कारण खड्डा एका अर्जाने बुजतो, पण रस्ता नवा व्हायला पालिकेची दोन-तीन वार्षिक अंदाजपत्रके जातात. तेवढा काळ कोणालातरी एकच फाईल हातात धरून बसावे लागते.

आधी रस्ता कोणाचा ते काढा

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. घरपट्टी पालिकेला भरतो म्हणजे समोरचा रस्ता पालिकेचाच, असे नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, सिडको, म्हाडा किंवा एमआयडीसीचा असू शकतो, मोठ्या रस्त्याचा फाटा असेल तर महामार्ग यंत्रणेचाही. आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो लेआउटमधल्या अंतर्गत रस्त्यांचा. बिल्डरने प्लॉट विकले, इमारती उभ्या राहिल्या, पण मधला रस्ता पालिकेकडे हस्तांतरित केलाच नाही. असा रस्ता कागदावर खाजगी राहतो आणि ‘खाजगी रस्त्यावर पालिकेचा निधी खर्च करता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळते.

शोध घ्यायला तीन कागद पुरतात. नगररचना विभागातून त्या भागाचा विकास आराखड्याचा भाग नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठी कार्यालयातून रस्त्याच्या गटाचा सातबारा. आणि मंजूर लेआउटची प्रत. सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे नाव दिसले, तर तुमचा पहिला अर्ज डांबराचा नाही, हस्तांतरणाचा. रस्त्याची पातळी, गटार, दिवे वगैरे पालिकेच्या अटींप्रमाणे करून दिल्यावर तो सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याची तरतूद कायद्यात आहे. बिल्डर गायब असेल तर रस्त्यालगतच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन पाठपुरावा करायचा. प्रत्येक सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत अर्जाला जोडावी. वेळ लागतो. पण हे टाळून दरवर्षी वर्गणी काढून मुरूम टाकणाऱ्या वसाहती पाहिल्या की वाटते, एकदाच त्रास घेतलेला परवडला.

रस्ता पालिकेचा निघाला तर पथ विभागाकडून एवढेच विचारा : हा रस्ता तुमच्या यादीत आहे का, रुंदी किती नोंदवली आहे, शेवटचे काम केव्हा झाले आणि त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो. शेवटचा प्रश्न विसरू नका. कंत्राटदाराने केलेला रस्ता ठरावीक मुदतीत उखडला तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हायला हवी. ही मुदत निविदेत लिहिलेली असते.

अर्ज : खड्ड्याचा वेगळा, रस्त्याचा वेगळा

खड्डे बुजवणे, तुटलेले झाकण, बंद दिवा ही देखभाल दुरुस्ती. तिच्यासाठी पालिकेकडे आधीच ठरलेले कंत्राट असते. पालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. हा क्रमांक पुढे पुरावा होतो. खड्ड्यांबाबतच्या २०१३ च्या त्याच याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. अपघातापूर्वीची तारखेनिशी तक्रार असेल तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणायला जागा उरत नाही.

पुनर्डांबरीकरण, काँक्रीटीकरण, नवा पदपथ, पावसाळी गटार ही मोठी कामे. त्यांचा प्रवास ठरलेला असतो : कनिष्ठ अभियंता पाहणी करून त्या कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक करतो, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश. यातल्या कोणत्याही टप्प्यावर ‘तरतूद नाही’ असा शेरा पडला की फाईल झोपते. म्हणून मागणी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात शिरायला हवी. पालिकांची अंदाजपत्रके साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मांडली जातात. अर्ज दिवाळीच्या आसपास पोचला तर विचारात येतो, फेब्रुवारीत दिलेला बहुधा वर्षभर मागे पडतो. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांकडून थेट अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदतही वेगळी असते.

अर्जात भावना कमी, मोजमाप जास्त. ‘रस्त्याची दयनीय अवस्था झाली आहे’ या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. अमुक इमारतीच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत, लांबी इतके मीटर, रुंदी इतकी, पाणी कुठे साचते, पदपथ कुठून कुठपर्यंत तुटला आहे, असे लिहा. साधी टेप घेऊन दोघांनी तासाभरात हे होते. जोडायचे ते असे :

- जागा कळेल असा हाताने काढलेला किंवा छापलेला नकाशा
- तारीख दिसणारी छायाचित्रे, नकाशावरच्या क्रमांकांप्रमाणे
- रहिवाशांच्या सह्यांची यादी, प्रत्येकाचा पत्ता नीट लिहून
- सोसायट्यांचे ठराव किंवा पत्रे
- आधीच्या तक्रारींचे क्रमांक आणि मिळालेली उत्तरे

अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. साहेबांच्या टेबलावर हातात दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकांना द्या, त्यांच्याकडेही पोच मागा. त्यात संकोच वाटायचे कारण नाही.

काम मंजूर होऊ लागले की दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, जमिनीखालची. पाण्याची जुनी वाहिनी, ड्रेनेज, केबल यांपैकी काही येत्या काळात बदलायचे असेल तर ते डांबराआधी व्हावे, असे त्या त्या विभागांना लेखी कळवा. नवा रस्ता तीन महिन्यांत खोदला जातो तो बहुतेकदा याच ढिलाईमुळे. दुसरी, पातळी. जुन्या थरावर नवा थर चढवत गेल्याने रस्ता इमारतींच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पावसाळ्यात पाणी तळमजल्यात शिरते. जुना थर खरवडून मगच नवा टाकावा आणि चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणावीत, ही मागणी अर्जातच लिहा. कामाच्या अंदाजपत्रकात नसलेली बाब कंत्राटदार नंतर करत नाही.

जे पथ विभागाच्या हातात नाही

गतिरोधक ही सर्वांत लोकप्रिय मागणी आणि सर्वांत चुकीची होणारी. रहिवाशांनी स्वतः सिमेंटचा उंचवटा घालणे बेकायदा आहे. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असे दिले आहे, सोबत रंगाचे पट्टे आणि सूचनाफलक. आपल्याकडचे अरुंद, टोकदार उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. गतिरोधकासाठी वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेतला जातो. एकेरी वाहतूक आणि ‘नो पार्किंग’ यांचे अर्जही थेट वाहतूक शाखेकडेच करायचे.

फांद्या दिव्यावर आल्या असतील तर उद्यान विभागाकडे जा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला परवानगी लागते, आणि फांद्या छाटायलाही ती घेऊनच हात लावावा.

फेरीवाल्यांचा विषय नाजूक आहे आणि संघ इथे फार लवकर तापतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. त्यामुळे ‘सगळे उठवा’ असा अर्ज बहुधा पडून राहतो. याच कायद्याने नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघांच्या प्रतिनिधींनाही स्थान दिले आहे. चालायला किती रुंदी मोकळी हवी, गाड्या कुठे उभ्या राहाव्यात, हे तिथे मांडता येते. आणि हो, सार्वजनिक रस्त्याला फाटक लावून रात्री कुलूप घालणे हे रस्ते सुधारणेत मोडत नाही. तेही अतिक्रमणच.

नोंदणी : कोणाला, कशासाठी

वर्गणी जमा करायची असेल, बँकेत संघाच्या नावाने खाते हवे असेल, देणगी किंवा कंपन्यांचा निधी घ्यायचा असेल, तर नोंदणी करा. आणखी एक कारण कमी लोकांना माहीत असते. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २९ अ नुसार प्रभाग समितीवर त्या क्षेत्रात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी व समाजाधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नामनिर्देशित करता येतात. ती व्यक्ती त्या प्रभागातली मतदार असावी लागते. नोंदणी नसलेल्या गटाचे नाव तिथे पुढे करणे अवघड जाते.

नोंदणी दोन कायद्यांखाली होते, पण कार्यालय एकच : जिल्ह्याचे धर्मादाय आयुक्त कार्यालय. आधी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायची, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून. दोन प्रमाणपत्रे, दोन क्रमांक. पहिले हाती आले की काम झाले असे समजून थांबणारे बरेच असतात. दुसऱ्यासाठी कलम १८ चा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो.

पात्रता सोपी आहे. किमान सात सज्ञान व्यक्ती हव्यात. सातही जण एकाच घरातले नसलेले बरे, नाहीतर ही संस्था लोकांची की कुटुंबाची, असा प्रश्न येतो. उद्देश सार्वजनिक हवा. ‘अमुक इमारतीच्या सभासदांच्या सोयीसाठी’ असे लिहिले की तो खाजगी लाभ झाला. ‘परिसरातील रस्ते, पदपथ व सार्वजनिक जागांच्या सुधारणेसाठी’ असे लिहा. नावात जोश आणू नका. ‘भ्रष्टाचार निर्मूलन’, ‘मानवाधिकार’ यांसारख्या शब्दांना धर्मादाय कार्यालयाने पूर्वी हरकत घेतलेली आहे.

पहिल्या नोंदणीचे कागद : संस्थेचे विधानपत्र (नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय), नियमावली, म्हणजे आपण जिला घटना म्हणतो ती, सर्व सदस्यांची ओळखपत्रे व पत्त्याचे पुरावे, त्यांची संमतीपत्रे, अर्ज करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, संस्थेचा पत्ता ज्या जागेत आहे तिच्या मालकाचे ना-हरकत पत्र आणि वीजबिल. न्यास नोंदणीला याच कागदांच्या प्रती, मिळालेले प्रमाणपत्र आणि मालमत्तेचा तपशील, मग ती बँकेतली थोडीशी रक्कम का असेना.

नियमावली दुसऱ्या संस्थेची उतरवून काढण्याचा मोह होतो. निदान सभासदत्व कोणाला, भाडेकरूंना मत आहे का, गणपूर्ती किती, खात्यावर सह्या कोणाच्या आणि निवडणूक किती वर्षांनी, ही कलमे स्वतः बसून लिहा. रस्त्यासाठी एकत्र आलेली माणसे भांडतात ती याच कलमांवरून. भाडेकरूंना बाहेर ठेवणारा संघ माझ्या मते अर्धाच संघ. रस्त्यावरून चालतात ते सगळेच.

नोंदणीनंतरचा भार मात्र आधी समजून घ्या. ३१ मार्चअखेर हिशेब बंद करून लेखापरीक्षण करायचे. कार्यकारी मंडळात किंवा पत्त्यात बदल झाला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. जुने बदल अर्ज प्रलंबित असले की नव्या मंडळाची अडचण सुरू होते : बँक सह्या बदलत नाही आणि कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात. हे सांभाळणारा एक चिकट चिटणीस मिळेपर्यंत नोंदणी पुढे ढकलली तरी बिघडत नाही.

उत्तर आले नाही तर

महिनाभर वाट पाहून स्मरणपत्र द्या, मग माहिती अधिकार. हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून अर्ज संघाच्या नावाने न करता एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावून देता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. ते न मिळाल्यास किंवा अर्धवट मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करायचे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

‘रस्ता का केला नाही’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही. आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणी, अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. काम चालू असेल तर याच कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. तो क्वचितच कोणी वापरतो.

काम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाची तारीख आणि दोष दायित्व कालावधी लेखी मागून घ्या. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी पुन्हा टेप घेऊन रस्ता मोजा, खचलेल्या जागांची छायाचित्रे काढा आणि पत्र आवक विभागात द्या. मुदत उलटल्यावर तोच खड्डा पुन्हा पालिकेच्या खर्चाचा होतो.