टँक घुसळायचा नाही, उलटवायचा

‘तुमचा डेव्हलपर जुना होता का हो?’ घरी धुतलेला फिल्मचा रोल आमच्याकडे स्कॅनिंगला देणारे हा प्रश्न हमखास विचारतात. डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. फोटोत आकाशाच्या वरच्या कडेला, फिल्मच्या काठावरच्या भोकांसमोर पांढुरके पट्टे उतरलेले असतात. आधी निगेटिव्हच्या कडेला कंपनीचे अंक-अक्षरं असतात ती बघा. डेव्हलपर मेलेला असेल तर तीही पुसट येतात. ती ठसठशीत आहेत आणि पट्टे फक्त भोकांसमोर आहेत, तर दोष बाटलीचा नाही, हाताचा आहे.

टँक, म्हणजे फिल्म धुवायचा झाकणाचा डबा, सतत गदागदा हलवला की डेव्हलपर भोकांतून जोराने आत-बाहेर करतो. तेवढाच भाग जास्त डेव्हलप होतो, निगेटिव्हवर गडद आणि फोटोत फिकट दिसतो. गर्दीच्या फोटोत हे खपून जातं, मोकळ्या आकाशात किंवा पांढऱ्या भिंतीवर नाही.

डेव्हलपर ओतून झाकण लावलं की पहिल्या १० सेकंदांत टँक ४ वेळा उलटा-सुलटा करा. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच, १० सेकंदांत ४ वेळा. उरलेले ५० सेकंद टँक ओट्यावर. पूर्ण उलटा, आतली गुडगुड ऐका, मग सरळ. दर वेळी मनगटातून थोडा फिरवा, म्हणजे प्रवाह एकाच वाटेने जात नाही. शेवटी ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, नाहीतर चिकटलेल्या बुडबुड्याचा फोटोत काळा ठिपका येतो. ठिपका कॉम्प्युटरवर पुसता येतो. पट्टा काढायला फार वेळ जातो, म्हणून ते काम आम्ही स्कॅनिंगच्या दरात धरत नाही.

फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कोडॅक दर ३० सेकंदांनी हलवायला सांगतं, इल्फर्ड दर मिनिटाला. दोन्ही बरोबर. मात्र एकाचा वेळ आणि दुसऱ्याची पद्धत अशी खिचडी नको, कॉन्ट्रास्ट बदलतो. आमच्याकडच्या तक्त्यातले वेळ मिनिटाच्या पद्धतीचे आहेत. अजिबात न हलवणंही धोक्याचं: वापरलेला डेव्हलपर खाली ओघळतो आणि वेगळेच पट्टे पडतात.

पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रव लागतं. थोडं जास्त चालेल, पण काठोकाठ नको. वर हवा नसेल तर आतलं द्रव हलतच नाही. दोन रोलच्या टँकमध्ये एकच रोल असेल तर वर रिकामं रील (फिल्म गुंडाळायची चकरी) ठेवा, नाहीतर भरलेलं रील दांड्यावरून वर सरकतं आणि फिल्मचा काही भाग कोरडा राहतो. रील अडवायची क्लिप आमच्याकडे सुटी मिळते (पहिल्याच धुण्यात मोरीत जाते ती).

उन्हाळ्यात नळाचं पाणी २८ अंशांवर जातं. तेव्हा डेव्हलपिंगचा वेळ ५ मिनिटांच्या खाली येतो आणि हात कितीही बसलेला असला तरी फिल्म एकसारखी उतरत नाही. डेव्हलपरची बाटली पाण्याच्या परातीत ठेवा, बर्फ परातीत घाला, डेव्हलपरमध्ये नाही, आणि २० अंशांवर आणा. फिक्सरला (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाला) एवढं सोवळं नको.

नवीन असाल तर रिकामा टँक घेऊन या, पाणी भरून काउंटरवरच दाखवतो. आणि पट्टे आलेच, तर रोल न कापता आणा. अख्खा रोल समोर असला की कारण लगेच सापडतं.