सभागृह बांधलं की शेजार जुळतो?

‘सभागृह बांधा, लोक आपोआप एकत्र येतील’ हा समज नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत कधीपासून ठाण मांडून आहे. तो फार तर अर्धा खरा. सभागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे, ते शोधत फिरावं लागतं.

ओळखी वाढतात त्या जाता-येता. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोतले तीन निवासी रस्ते पाहिले. दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला तिथलेच सरासरी ३ मित्र होते. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९, म्हणजे धड एकही नाही. तीनच रस्ते, हे खरं. पण रहदारीच्या रस्त्यावर राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

म्हणून वस्तीच्या आराखड्यात आधी रहदारी आणि वाहनांचा वेग कमी करणं यावं. मग फूटपाथ: दोघं गप्पा मारत उभे राहिले तरी तिसऱ्याला जाता येईल इतका रुंद. सावलीत, पाठ टेकता येईल असं बाक. (बिनपाठीच्या बाकावर म्हातारी माणसं फार वेळ बसत नाहीत.)

आणि सभागृह बांधायचंच असेल, तर वेळापत्रक आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे पायाभरणीआधी रहिवाशांसोबत बसून ठरवावं.