टेक्सासचे बडे पदाधिकारी गव्हर्नर नेमतो का?

‘अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात गव्हर्नर (राज्य सरकारचा प्रमुख) निवडून आला की बाकीचे मोठे पदाधिकारी तोच नेमतो,’ हा समज जुना आहे. आपल्याकडे मंत्री मुख्यमंत्रीच ठरवतो, त्यामुळे तो सहज पटतो. प्रत्यक्षात लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर), अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), तिजोरी सांभाळणारा कॉम्प्ट्रोलर, जमीन आयुक्त आणि कृषी आयुक्त या प्रत्येकाला मतदार स्वतंत्रपणे निवडतात. म्हणून गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर वेगळ्या पक्षांचेही असू शकतात. लेफ्टनंट गव्हर्नर राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, कामकाज चालवतो, त्यामुळे माझ्या मते ते पद दुय्यम मुळीच नाही. राज्यातल्या निवडणुकांवर देखरेख करणारा सेक्रेटरी ऑफ स्टेट मात्र गव्हर्नरच नेमतो, सिनेटच्या संमतीने. पडताळायचे असेल तर 2018 किंवा 2022 च्या नोव्हेंबरमधली नमुना मतपत्रिका पाहा: प्रत्येक पदाखाली उमेदवारांची वेगळी यादी दिसेल.