कुसळ काढायला जवळ जावं लागतं

जानेवारीचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तो ३० तारखेला, गांधीजींच्या पुण्यतिथीला असतो. त्या सुमारास मला बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय हटकून आठवतो: 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.' या रोग्यांचे जेवढे दोष काढले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुणा आजाऱ्याचे काढले गेले असतील.

आमच्या मिरजेकडची जुनी माणसं याला रक्तपिती म्हणत, आणि आवाज खाली आणून 'पाप भोगतोय' असंही म्हणत. ख्रिस्ती घरंही त्यातून सुटली नव्हती. माझी आजी रोज बायबल वाचायची, पण दारी येणाऱ्या एका म्हाताऱ्या रोग्याला पाणी देताना तांब्या छातीपर्यंत उचलून त्याच्या ओंजळीत वरून धार धरायची. आजी दुष्ट नव्हती. लहानपणापासून तिनं तेच पाहिलं होतं.

ही रीत फार जुनी. बायबलाच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याजक, म्हणजे पुरोहित, अंगावरचे डाग तपासतो, आणि रोग्यानं 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत छावणीबाहेर एकटं राहायचं असतं. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणूस पाहून आधी हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. आणि कुष्ठरोगी समोर आला तेव्हा त्यानं आधी हात लावला, मग 'शुद्ध हो' म्हटलं. मार्कानं आपल्या शुभवर्तमानात हा क्रम नीट लिहून ठेवला आहे.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला. म्हणजे पापाचा प्रश्न विज्ञानानंही निकालात काढला. तरी १८९८ च्या कायद्यानं निराधार रोग्यांना पकडून डांबायची मुभा दिली, आणि तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. मिरजेत मात्र याच काळात वेगळं काही उभं राहत होतं. कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, १८९४ मध्ये दवाखाना सुरू झाला. कुष्ठरोग्यांसाठीचं रिचर्डसन हॉस्पिटलही याच गावातलं. १९८१ नंतर बहुऔषधी उपचार आले. आता सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच संसर्गही थांबतो.

एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना बोचायला हवी. आमच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून त्यात घातलं गेलं. औषध हाती येऊन वीस वर्षं झाली होती! २०१९ मध्ये ते कलम निघालं, इतर धर्मांच्या कायद्यांतूनही निघालं.

मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे कुसळ-मुसळ येतं. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी घराची तुळई आहे, मराठी बायबलात मुसळ आलं आणि आपल्या म्हणीशी चपखल बसलं. पण लोक तिथेच थांबतात. पाचव्या वचनात येशू सांगतो की आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायला त्याची ना नाही.

मळणीच्या दिवसांत एकदा माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. आजीनं मला मांडीवर आडवं घेतलं, दोन बोटांनी पापणी उघडली आणि पदराचं टोक जिभेनं ओलं करून ते अलगद टिपून घेतलं. तिचा श्वास माझ्या गालावर लागत होता.