कंटेनरची मेमरी ९५ टक्के दिसली म्हणजे लीकच? खुलासा

'कंटेनरची मेमरी लिमिटला टेकली की ॲपमध्ये लीक आहे, लिमिट वाढवा किंवा रीस्टार्ट करा' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (कंटेनर म्हणजे ॲप वेगळं चालवणारी बंदिस्त जागा; लीक म्हणजे ॲपने घेतलेली मेमरी परत न सोडणं.) आलेख पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतल्या 'कंटेनर_मेमरी_युसेज_बाइट्स' या आकड्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक, ॲपने स्वतः घेतलेली मेमरी. दुसरी, पेज कॅश, म्हणजे वाचलेल्या-लिहिलेल्या फाइल्सची कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) जवळ ठेवलेली प्रत. जागा कमी पडली की कर्नेल ही प्रत सहसा आपणहून सोडून देतो.

स्वतः पाहा. सीग्रुपची (मेमरीची मर्यादा आणि मोजदाद ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) दुसरी आवृत्ती असलेल्या टेस्ट कंटेनरमध्ये 'डीडी' ही कमांड वापरून डिस्कवर ५०० एमबीची नवी फाइल लिहा. '/सिस/एफएस/सीग्रुप' मधल्या 'मेमरी.करंट'चा आकडा जवळजवळ तेवढाच चढेल. 'मेमरी.स्टॅट' उघडा: 'फाइल' (पेज कॅश) वाढलेली, 'अ‍ॅनॉन' (ॲपची स्वतःची मेमरी) मात्र जागच्या जागी. आता फाइल डिलीट करा, आकडा लगेच खाली येतो. लीक असा उतरत नाही. (टीएमपीएफएस या मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर हा प्रयोग करू नका. तिथली फाइल मेमरीतच राहते आणि कर्नेल ती अशी सोडून देऊ शकत नाही.)

म्हणून अलर्ट 'वर्किंग सेट'वर लावा. त्यात एकूण वापरातून 'इनॲक्टिव्ह_फाइल' (अलीकडे न वापरलेली कॅश) वजा केलेली असते आणि मेमरी कमी पडल्यावर पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) हटवताना क्युबलेट हा प्रत्येक मशीनवरचा कुबरनेटिसचा प्रोग्रामही हाच हिशेब धरतो. त्यातही सक्रिय कॅश उरतेच, त्यामुळे लीकचा संशय असेल तर 'अ‍ॅनॉन' काही दिवस सलग चढतोय का, हे बघणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.